बयजा कासारीण आणि चिनी रेशीमवाला

एका गावात एक कासारीण राहायची, बयजा तिचं नाव. तिच्या हाताची कीर्ती सात गावांत होती आणि जिभेची चौदा. बाईचा हात कितीही जाडा असो, बयजा तो आपल्या मांडीवर घ्यायची, अंगठ्याच्या बुडाशी हलकं दाबायची, बोटं एकात एक मिटवायची आणि बांगडी चढवून मोकळी व्हायची. बाईला कळू नये म्हणून तोंड चालूच असायचं. "सासू कशी हाय गं? अजून दात हायेत का तिला?" बाई खुदकन हसली की हात ढिला पडायचा आणि बांगडी मनगटात जायची. एखादी घाबरून हात ताठ करायची. तिला बयजा ठरलेलं वाक्य म्हणायची, "हात सैल सोड, बाई. कडक केलास तर फुटंल."

वीस वर्षं ती हेच म्हणत होती, आणि वीस वर्षांत तिच्या हातून एकाही बाईला काच लागली नव्हती. चुडा भरून झाला की बाया तिला वाकून नमस्कार करायच्या. मग बयजा आशीर्वादाची एक बांगडी वर द्यायची, फुकट. तिचा नवरा दम्याचा. तो घरी बसून बांगड्या दोरीत ओवायचा, आणि त्या माळा खांद्यावर टाकून बयजा गावोगाव फिरायची. चार गावं अलीकडची, तीन खिंडीपलीकडची.

त्या खिंडीत गेनू बसायचा. काम ना धंदा, नुसतं खाऊन रेड्यासारखं अंग केलेलं. तो दरोडेखोर वगैरे नव्हता. वाटेनं जाणाऱ्या बायाबापड्यांना घाबरवायचं आणि त्या घाबरल्या की पोट धरून हसायचं, एवढीच त्याची करमणूक. धट्टाकट्टा पुरुष दिसला की हाच गडी झाडाआड जायचा, हे खिंडीतल्या माकडांनाही ठाऊक होतं. एक दिवस त्यानं बयजाचं मनगट धरलं आणि पिरगाळलं. खांद्यावरच्या माळा दगडावर आपटल्या, डझनावारी बांगड्यांचा चुरा झाला. बयजानं हिसक्यावर हिसके दिले. जेवढे हिसके दिले तेवढी त्याची पकड आवळत गेली.

"ओढ की! हातात बांगड्या भरल्यात, तू काय करणार?" असं म्हणून तो हसला, आणि कंटाळा आला तेव्हा त्यानं हात सोडला.

बयजा घरी आली. नवऱ्याला म्हणाली, "ठेच लागली."  मनगट आठ दिवसांत बरं झालं, पाय मात्र खिंडीकडे वळेनात. पलीकडच्या गावांना तिनं निरोप धाडला, गुडघे दुखतात. कासारणीची कमाई तिच्या मनगटात. ते एकदा मोडलं की संपलंच.

अशात एके दिवशी कुंभाराची राही आली. राहीची लेक सगुणा पलीकडच्या गावात दिलेली. तिच्या लग्नाचा चुडा बयजानंच भरलेला. राही म्हणाली, "सगुणाला दिवस गेल्यात. सातवा लागला की हिरवा चुडा भरायचा. पोरगी हटून बसलीय. म्हणती, बयजामावशीबिगर कुणाच्या हातात हात देणार न्हाई."

"येते की! न यायला काय झालं?" बयजा ठसक्यात म्हणाली. राही गेली तशी तिनं आपली भाकरी नवऱ्याच्या ताटात सरकवली. सातवा लागायला तीन महिने होते, आणि खिंड जिथली तिथंच होती.

त्याच सुमारास एक चिनी रेशीमवाला सायकलीला गाठोडं बांधून गावात आला आणि हिवतापानं चावडीच्या ओट्यावर आडवा झाला. लिन त्याचं नाव. लोक लांबूनच बघायचे. कुणी म्हणायचं, हा साप खातो. कुणी म्हणायचं, याचा ताप आपल्याला लागेल. बयजानं पेजेचं भांडं घेतलं आणि सरळ ओट्यावर जाऊन बसली. "सापाची न्हाई, तांदळाची हाय. खा गप," असं म्हणून तिनं त्याला पेज पाजली. काढा पाजला. तो थंडीनं कुडकुडायचा तेव्हा घरची गोधडी आणून त्याच्यावर टाकली. पंधरा दिवस हे चाललं. सोळाव्या दिवशी ती पेज घेऊन गेली तर ओटा रिकामा.

लिन नदीकाठी होता. नुकतं उजाडलेलं. गुडघे वाकवून तो उभा होता आणि दोन्ही हात असे संथ फिरवत होता, जसा काही हवेत लोण्याचा गोळा वळतोय.

"बुवा, माश्या हाकलताय का?" बयजानं विचारलं.

लिन हसला. गावोगाव फिरून फिरून त्याची मराठी आपल्यापेक्षा सरळ झाली होती. "सराव करतोय, ताई. माझ्या आजोबांनी शिकवलेला. याला कुंग फू म्हणतात."

"म्हंजे मारामारी?"

"म्हणजे पुष्कळ दिवस घाम गाळून अंगात मुरवलेलं काम. आमच्याकडे सुगरणीलाही म्हणतात, हिचं कुंग फू चांगलं आहे. हे माझं काम वेळ पडली तर जीव वाचवायलाही उपयोगी पडतं. धर माझं मनगट."

बयजानं धरलं. कासारणीची पकड ती, साधीसुधी नव्हे. लिननं ना ओढ दिली ना हिसका. त्याचा हात तिच्या मुठीतून ओल्या साबणासारखा निघून गेला. बयजा आपल्या रिकाम्या मुठीकडे बघत राहिली. मग भांडं खाली ठेवून तिनं खिंडीतली सगळी हकिगत सांगितली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितली.

"मला शिकवाल का हे?"

"तू मला मरू दिलं नाहीस. न शिकवून कुठं जाऊ? पण आधी चहा लागेल."

"एवढी पेज ढोसली ती कुठं गेली?"

"पेज तू आजारी माणसाला पाजलीस. चहा गुरूला द्यायचा असतो. दोन्ही हातांनी, वाकून. आमची रीत आहे ती. चहा घेतला की गुरूला मागं फिरता येत नाही, आणि शिष्यालाही."

बयजानं गुळाचा कोरा चहा आणला, दोन्ही हातांनी दिला. लिननं घोट घेतला आणि त्याचे डोळे विस्फारले. त्याच्या मुलखात चहात गूळ म्हणजे भलताच प्रकार. तरी त्यानं कप रिकामा केला. मग त्यानं उजव्या हाताची मूठ वळली आणि तिच्यावर डाव्या हाताचा पंजा ठेवला.

"सरावाआधी आणि सरावानंतर असं वाकायचं. समोर असेल त्याला. मूठ म्हणजे बळ. पंजा त्या बळाला सांगतो, थांब. आणि समोरच्यानं आपल्याला शिकायला अंग दिलं, म्हणून त्याचे आभार."

"लई रीती बाई तुमच्या," बयजा म्हणाली. पण वाकली.

मग सुरू झालं शिकणं. पहिले पंधरा दिवस तर नुसतं उभंच राहायचं, घोड्यावर बसल्यासारखे पाय फाकवून. बयजाच्या मांड्या लटलटायच्या. "बुवा, बसायला लावलंत, आता घोडा तरी आणा!" ती कुरकुरायची. लिन म्हणायचा, "श्वास पोटात घे, खांदे सोड, हात सोड." मग पाऊल कसं टाकायचं, अंगावर येणाऱ्याला वाट करून कशी द्यायची, मनगट धरलं तर काय करायचं. तेच ते, रोज. तिला वाटायचं, हा एवढंच जाणतो की काय!

पण महिन्याभरात कंबरदुखी पळाली. माळांचं ओझं हलकं वाटायला लागलं. नवऱ्यावर ओरडायच्या आधी एक श्वास घ्यायची तिला सवय लागली, तेव्हा बायको आजारी पडली की काय म्हणून नवरा घाबरला. त्यालाही तिनं बसल्या जागी पोटातून श्वास घ्यायला शिकवलं. दमा गेला नाही, पण उलट उत्तर देण्याइतका वारा त्याच्या छातीत यायला लागला.

एक गोष्ट मात्र बयजानं लिनला सांगितली नव्हती. घरामागच्या बाभळीला तिनं वाळूचं पोतं टांगलं होतं. दुपारी कुणी नसलं की ती त्याच्यावर बुक्क्या मारायची, त्याची कड मुठीत धरून पिळायची. पोत्याचं नाव तिनं ठेवलं होतं गेनू. "तुझं मनगट मोडते, थांब! काडकन मोडते!" दात खाऊन मारायची. हाताला घट्टे पडले, बोटं ताठ झाली. सापडलं की पकडायचं आणि पिळायचं, हे हाताच्या अंगवळणी पडलं. तिला मोठा आनंद झाला. हात तयार झाला, असं तिला वाटलं.

सातवा लागायला पंधरा दिवस उरले तेव्हा राही पुन्हा आली. "लेकीच्या चुड्याआधी मलाही चार भर," म्हणाली. बयजानं तिचा हात मांडीवर घेतला, सासूच्या दातांची चौकशी केली, बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी आणली. तेवढ्यात अंगणात मांजर ओरडलं. राही दचकली, तिनं हात जरासा मागं ओढला. आणि बयजाचा हात तिला न विचारता मिटला. खटकन मिटला. बांगडी फुटली, काच राहीच्या मनगटात घुसली आणि रक्ताची धार लागली.

वीस वर्षांत पहिल्यांदा.

बयजानं पदर फाडून तिचं मनगट बांधलं.  राही काही रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "बयजा, मला तुझा हातच वळखू आला न्हाई बघ." आणि निघून गेली. बयजानं द्यायची म्हणून काढून ठेवलेली आशीर्वादाची बांगडी तशीच तिच्या हातात राहिली.

ती नदीवर गेली आणि लिनला पोत्यासकट सगळं सांगितलं. लिननं तिचा तळवा हातात घेऊन घट्टे बघितले.

"ही मूठ कुणासाठी वळलीस?"

"गेनूसाठी."

"लागली कुणाला?"

"राहीला," बयजा म्हणाली.

"बायकांना बांगड्या भरताना तू काय म्हणतेस, ताई?"

"हात सैल सोड, बाई," बयजा पुटपुटली. "कडक केलास तर फुटंल."

"दोन महिने मी तुला हेच सांगतोय. माझ्यापाशी तुझ्याइतके चांगले शब्द नव्हते, एवढंच."

बयजा वाळूत बसली आणि रडली. रडता रडता तिला हसूही आलं. जे वाक्य ती सात गावांना सांगत हिंडली, ते स्वतःच्या हाताला सांगायचं तेवढं राहून गेलं होतं. घरी जाऊन तिनं पोतं सोडलं, वाळू अंगणात पसरली. रोज तिळाचं तेल चोळून हात मऊ केले. आणि रोज पहाटे लिन तिचं मनगट धरायचा, ती स्वतःचा अंगठा मिटवायची, बोटं एकात एक घ्यायची, जशी गिऱ्हाइकाची घ्यायची तशी, आणि लिनच्या मुठीतून बांगडीतून निघाल्यासारखी निघून यायची. आठव्या दिवशी लिन म्हणाला, "आता हे मला तुझ्याकडून शिकायला हवं."

सगुणाच्या चुड्याचा दिवस आला. बयजानं हिरव्या बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकल्या. "बुवा, चला की संगं," ती म्हणाली. लिननं मान हलवली. "मी आज आलो तर उद्या कोण येईल? वाट तुझी आहे." बयजानं एक श्वास पोटात घेतला आणि निघाली.

खिंडीत गेनू होताच. माळांचा किणकिणाट ऐकून पुढं आला. "अगं बया! गुडघं बरं झालं वाटतं?" म्हणाला आणि त्यानं तिचं मनगट धरलं.

बयजानं माळा पाठीवर सरकवल्या. पाय फाकवून ती बिनघोड्याच्या घोड्यावर बसली. हात सैल सोडला. गेनू हिसक्याची वाट बघत होता, कारण हिसक्यातच त्याची मजा होती. हिसका आलाच नाही, म्हणून त्यानंच ओढलं, सगळा जोर लावून. हात त्याच्या मुठीतून सुळकन निघाला आणि गेनू आपल्याच जोरानं मागं गेला, तो थेट फड्या निवडुंगात जाऊन बसला. जे बसला ते बोंबलतच उठला. डोळे लाल करून अंगावर धावला. बयजानं एक पाऊल बाजूला टाकून त्याला वाट करून दिली आणि जाता जाता त्याचं मनगट आपल्या हातात घेतलं. थोडं वळवलं. रेडा गुडघ्यावर आला.

आता त्याच्या अंगठ्याच्या बुडाचं हाड बयजाच्या बोटाखाली होतं. हाडं तिच्याइतकी कुणाला माहीत? जरा पिळलं की काडकन. पोत्यापुढं शंभर वेळा म्हटलेलं सगळं तिच्या हातात येऊन उभं राहिलं. बोटं मिटायला लागली. आणि तिला राहीचं मनगट दिसलं, पदराची चिंधी बांधलेलं.

तिनं श्वास सोडला. गिऱ्हाइकाशी बोलते त्याच आवाजात म्हणाली, "हात सैल सोड, गेनू. कडक केलास तर फुटंल."

गेनूनं सोडला. बयजानंही सोडला. तो पुन्हा उठून मारेल, हे कळत असूनही सोडला. दोन पावलं मागं झाली, उजवी मूठ वळली, तिच्यावर डावा पंजा ठेवला आणि त्याच्यापुढं वाकली.

गेनू बघतच राहिला. "हे काय गं?"

"आभार मानते तुझे. तू मनगट धरलं नसतंस तर मी काय बी शिकले नसते."

गेनूला आयुष्यात शिव्या पुष्कळ मिळाल्या होत्या. आभार कुणी मानले नव्हते. काय करावं ते न सुचून तो खाली बसला, आणि बसल्यावर काट्यांची आठवण होऊन पुन्हा उठला. बयजाला हसू आवरेना. मग तिनंच त्याचे तळहात पुढं ओढले आणि बारीक बोटांनी एकेक काटा काढला. बाकीचे जिथं होते तिथले त्याचे त्यानं काढायचे होते.

गेनू मान खाली घालून म्हणाला, "आता गावभर सांगशील. मला बांगड्या भरशील."

"तुला?" बयजानं माळा खांद्यावर घेतल्या. "बांगडी भरायला हात सैल सोडावा लागतो, बाबा. तू आज कुठं पहिल्यांदा सोडलास. जमंल हळूहळू."

सगुणाचा चुडा भरून झाला. एक बांगडी फुटली नाही, काचेचा ओरखडासुद्धा उठला नाही. राही तिथंच होती. सगुणा वाकून उठली तशी राहीनं आपलं चिंधीचं मनगट बयजापुढं केलं. "माझ्या चार राह्यल्यात की," म्हणाली. बयजानं चिंधी सोडली, भरत आलेल्या जखमेच्या खाली इतक्या अलगद चार बांगड्या भरल्या की राही बोलत होती ती बोलतच राहिली. मग राहून गेलेली ती पाचवी वर दिली आणि या वेळी बयजाच राहीला वाकली.

परत आली तर चावडीपुढं लिन सायकलीला गाठोडं बांधत होता. त्याला काही सांगावं लागलं नाही. तिच्या खांद्यावरच्या रिकाम्या दोऱ्या त्यानं बघितल्या. बयजा धावत घरी गेली आणि चहा घेऊन आली. दोन्ही हातांनी, वाकून. लिननं गुळाचा चहा या वेळी डोळे न विस्फारता प्यायला. मग रिकामा कप तिच्यापुढं दोन्ही हातांनी धरून तोही तेवढाच वाकला. "पेजेचे आभार राहिले होते," म्हणाला.

बयजानं पदराच्या गाठीतून एक हिरवी बांगडी काढली. "वहिनींना द्या. आशीर्वादाची हाय."

लिननं ती उन्हात धरून बघितली. "आमच्याकडेही बायका हिरवी बांगडी घालतात. दगडाची."

"दगडाची? मग फुटतच नसंल!"

"कधी कधी फुटते. तेव्हा म्हणतात, घालणारीवरचं संकट बांगडीनं स्वतःवर घेतलं."

बयजाला राहीच्या हातातली बांगडी आठवली. ती फुटली नसती तर खिंडीत काय झालं असतं, ते तिला नीट कळलं.  सायकल नदीपलीकडे दिसेनाशी होईपर्यंत मुठीवर पंजा ठेवून उभी राहिली.

पुढं ती खिंडीतून जायला लागली की गेनू लांबूनच ओरडायचा, "कासारीणबाई, वाट मोकळी हाय!" आणि गावातल्या लेकीसुना पहाटे नदीवर तिच्याकडे शिकायला यायला लागल्या. बिनघोड्याच्या घोड्यावर बसून त्यांच्याही मांड्या लटलटायच्या. सुरू करायच्या आधी बयजा सगळ्यांना वाकायला लावायची. एकदा रेशीमवाल्याच्या नावानं, एकदा राहीच्या, एकदा गेनूच्या. नदीच्या काठाला एक फड्या निवडुंग होता. शेवटचा नमस्कार त्याला, आणि तिथं जी हसेल तिला आणखी पंधरा मिनिटं घोड्यावर.

तात्पर्य: विद्या शिकायची ती स्वतःला वाचवायला आणि सुधारायला, कुणाचं हाड मोडायला नाही, आणि ज्यानं ज्यानं ती शिकवली त्याला वाकायला लाजू नये, मग तो गुरू असो, शेजारीण असो, नाहीतर निवडुंग.